उतरवायच्या राहिलेल्या तारा

करंट यायला अर्धा तास तरी लागेल. दिवा जरा इकडे सरकवा, तोवर त्या कोपऱ्यातल्या तंबोऱ्याचं सांगतो. मघापासून तुमचं लक्ष तिकडेच आहे.

मी लेथवर काम करणारा माणूस. इथल्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस वर्षं लोखंड कातलं. एखादी गोष्ट मापून बघितल्याशिवाय मी बोलत नाही, यावरून बायको, भार्गवी, मला अजून चिडवते. हे सगळं मी मापलेलं आहे, म्हणूनच सांगतो.

त्र्याण्णव सालच्या जानेवारीत आई गेली. अनुसूयाबाई. सवाष्ण गेली म्हणून हिरव्या लुगड्यात नेली. दोनच महिन्यांत वडिलांना, अप्पासाहेबांना, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिली ती फक्त तगमग. डावा हात दिवसभर चादर ओढत राहायचा. झोप नाही, घास तोंडात ठरत नाही. इथेच चामराजपेटेत एका लहानशा नर्सिंग होममध्ये त्यांना ठेवलं होतं.

तिथले डॉक्टर पद्मनाभ पुण्याहून नवीन आलेले. आमचं कानडी वळणाचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसायचे, पण माणूस मनाचा चांगला. एक दिवस म्हणाले, "शंभूराज, औषधांनी मी जास्तीत जास्त त्यांना गुंगीत ठेवू शकतो. यांना म्युझिक देऊन बघू. मनावर, पल्सवर खरंच फरक पडतो. त्यांना आवडेल ते आणा."

मी कॅसेटी नेल्या. भजनं नेली, सनई नेली. अप्पांनी डाव्या हाताने टेपरेकॉर्डर ढकलून दिला.

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या घरी चाळीस वर्षं दुपारी तीनला आई तंबोरा घेऊन बसायची. गायची नाही, नुसता छेडायची. तेवढ्यात अप्पांचा डोळा लागायचा. त्यांना गाणं नको होतं. तो आवाज हवा होता.

पहिली पाळी दोनला सुटली की बसने मी तीनला चामराजपेटेत पोहोचायचो. दुसऱ्या दिवशी घरी डोकावलो आणि तंबोरा उचलला. ऑटोत तो काही मावेना. "स्वल्प अड्जस्ट माडी, अण्णा," जरा सांभाळून घ्या, म्हणत मी भोपळा मांडीवर घेतला आणि दांडी बाहेर काढली. रस्ताभर लोक बघत होते.

वॉर्डात तंबोऱ्याची कापडी गवसणी काढली. आई गेली त्या दिवशी मीच ती चढवली होती. तारांना गंज धरू नये म्हणून आमच्या कारखान्यातलं पातळ तेल लावलं होतं आणि ताण होता तसाच ठेवला होता. चढलेली तार सैल सोडली तर ती वेटोळी होते, एवढं मला कळत होतं. आता छेडून बघितलं तर सूर जराही उतरलेला नव्हता. तीन महिन्यांत. तेलाचा गुण, असं मी मनाशी म्हटलं.

पंधरा मिनिटांत अप्पांचा हात थांबला. अर्ध्या तासात ते घोरायला लागले. मला रडू आलं, लपवत नाही.

डॉक्टरांना उत्साह चढला. रोज अडीच ते चार, दर दहा मिनिटांनी नाडी मोजून वहीत लिहायची, असं त्यांनी सुनंदा सिस्टरना सांगितलं. आठ दिवसांत अप्पा पेज पिऊ लागले. चेहऱ्यावर पूर्वीचा निवांतपणा दिसू लागला. तंबोरा तिथेच, खिडकीजवळच्या कोपऱ्यात ठेवत होतो.

मग एका गुरुवारी यशवंतपूरला ट्रक आडवा झाला आणि माझी बस अडकली. पोहोचायला सव्वाचार झाले. धावतच जिना चढलो. अप्पा गाढ झोपले होते. वहीत बघितलं. दोन पन्नासला नाडी अठ्ठ्याण्णव. तीन दहाला चौऱ्याहत्तर.

"आज कुणी वाजवलं?" मी सिस्टरना विचारलं.

"तुम्हीच की. मी शेजारच्या खोलीत इंजेक्शनं भरत होते. ऐकू येत होतं. नाडी बघायला आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, वाटलं तुम्ही चहाला गेलात..."

"मी आत्ता येतोय, सिस्टर."

मी कोपऱ्यात गेलो. गवसणी काढलेली होती आणि तिची तीन पदरी घडी स्टुलावर होती. तशी घडी आमच्या घरात एकच माणूस घालायचं. खोलीत वास होता, ओल्या शिकेकाईचा. न्हाल्यावर आईच्या केसांना यायचा तसा.

तानूबाई अत्या तेव्हा आमच्याकडे होती. आई गेली तेव्हा ती पाय मोडून होसकोट्याला लेकीकडे पडून होती, त्यामुळे दिवसांना येऊ शकली नव्हती. तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"अनुसूया गेली तेव्हा तारा उतरलास की नाही रे?"

"नाही. तेल लावून ठेवला."

"अय्यो, शंभू. वाजवणारा हात गेला की त्याच दिवशी तारा उतरायच्या. तेराव्याला दुसऱ्या हातानं चढवायच्या. न्हाईतर तो हात सुटत नाही. तूच बांधून ठेवलास की तिला."

"आता उतरवू?"

"उतर. सरी, बरोबरच ते, पण तुझ्या बापाचं काय व्हईल ते मला सांगाय येत नाही."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तारा तशाच ठेवाव्यात तर आई अडकलेली. उतरवाव्यात तर अप्पांचा हात पुन्हा चादर ओढायला लागणार, आणि डॉक्टर म्हणालेच होते, आणखी एक झटका त्यांना झेपणार नाही. आई आणि बाप यांच्यातून एक निवडायचं, असला प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. शेवटी ठरवलं की जिवंतपणी जिने कधी घटकाभर विसावा घेतला नाही, तिला मेल्यावर तरी तो मिळू दे.

शनिवारी रजा टाकली. सकाळीच चारही खुंट्या ढिल्या केल्या. तारांखालचे दोरे काढले. घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवलेला असतो. तो नसला की तंबोरा घुमत नाही. आई तो नेहमी अंगावरच्या लुगड्याच्या काठातून ओढून घ्यायची, त्यावरून अप्पा तिला बोलायचे. ते जुने दोरे मी खिशात टाकले आणि गवसणीची नाडी घट्ट बांधली.

अडीच वाजता अप्पांचा हात सुरू झाला. पावणेतीनला नाडी एकशे अठरा. मी त्यांचा हात धरून ठेवला, पण तो माझ्या मुठीतही धडपडत होता. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. सात आठवड्यांत ज्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता ते अप्पा, अगदी हळू, पण स्वच्छ म्हणाले,

"तिला कशाला दमवतोस, शंभू... आता पुन्हा चढवाव्या लागतील तिला."

मी डॉक्टरांना बोलवायला धावलो. जिन्यात असतानाच मागून आवाज आला. आधी एक खुंटी करकरली. मग दुसरी. मग एकेक तार लावून बघत असल्यासारखी... आणि मग चारही.

डॉक्टर आणि मी दारात पोहोचलो तेव्हा अप्पा झोपलेले होते. कोपऱ्यात कुणी नव्हतं. गवसणीची घडी स्टुलावर होती आणि तारा ताठ होत्या. मी वाकून बघितलं. प्रत्येक तारेखाली नवा दोरा होता. हिरवा. ज्या लुगड्यात आईला नेलं, त्याच काठाचा. ते लुगडं मी माझ्या डोळ्यांनी जळताना बघितलं होतं.

डॉक्टरांनी नाडी मोजली. "बहात्तर," ते म्हणाले, आणि वही मिटली. पुन्हा त्यांनी ती कधी उघडली नाही.

अप्पा घरी आले आणि आणखी पाच वर्षं जगले, समाधानात. रोज तीनला आम्ही मधलं दार लोटून घ्यायचो. आतून आवाज यायचा. त्या वेळी घरात भांडण झालं नाही, कुणाचं डोकं दुखलं नाही. माणसाला कशाचीही सवय होते. भार्गवी चहासुद्धा पावलांचा आवाज न करता आणायची.

अठ्ठ्याण्णव साली अप्पा गेले. त्या वेळी मी चूक केली नाही. त्यांना पांढरं धोतर नेसवलं, आणि घरातून नेण्याआधी चारही तारा उतरवल्या. दोरे काढून त्यांच्याबरोबर दिले. अत्याने मान हलवली.

तेरा दिवस घर मुकं होतं. माझे हात तेरा दिवस थरथरत होते, पाण्याचा तांब्या धरवत नव्हता. तेराव्याला पानं उठली, माणसं पांगली, आणि दुसऱ्या हाताने म्हणजे माझ्याच हाताने तारा चढवायला मी इथे येऊन बसलो. गवसणीला हात घातला तर ती नव्हती. तिची घडी पाटावर होती.

तारा चढलेल्या होत्या. मी दोरे बघितले. दोन हिरवे. तिसरा पांढरा, अप्पांच्या धोतराचा. चौथा निळा.

निळा कुठला, ते कळेना. मग दाराआड टांगलेला माझा कारखान्याचा शर्ट दिसला. जवळ जाऊन बघितलं. उजव्या बाहीची शिवण उसवलेली होती आणि तिथला एक धागा ओढून घेतलेला होता.

मला भीती वाटायला हवी होती. पण बाहेर तीनचे ठोके पडले, आणि मी बघितलं तर माझे हात अप्पांच्या हातासारखेच अगदी शांत होते.