जात्यावर बसलेला वायरमन

रंगनाथ वायरमनला लाज म्हणून नव्हती, हे गोजरबाईंनी अख्ख्या भिंगारला ऐकवून झालं होतं. माणूस गिरणीत येतो, मीटरच्या बोर्डाला हात घालण्याआधी पांढरा चिनीमातीचा फ्यूज उपसून खिशात घालतो. ते ठीक. त्यांच्यात तशी रीतच असते, म्हणजे मागून कुणी बटण दाबलं तरी झटका बसत नाही. पण काम झाल्यावर फ्यूज जागेवर बसवायचा सोडून तो खिशातच घेऊन सायकलवर टांग टाकायची, आणि इकडे गिरणी तासभर मुकी पडायची, याला काय म्हणावं? एकदा झालं, समजलं. दोनदा झालं, तेही गिळलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा गोजरबाई ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, की सरकारी पगार माणसाला मिळत नसतो, खुर्चीला मिळतो, आणि ह्या मुडद्याला तर खुर्चीपण नाही.

पहिली भेट आखाडातली. त्या साली आभाळ नुसतं कोरडं पडलं होतं. गिरणीत मात्र पीठ झिमझिमत होतं... छपरावर, तराजूवर, उन्हाच्या तिरिपेत. गोजरबाईंची एकुलती एक रतन पट्ट्याशेजारी उभी राहून रेशनचा लाल मिलो, म्हणजे दुष्काळात आलेली परदेशी ज्वारी, दळत होती. मॅट्रिक झालेली पोर, पण दळणाला कधी लाजली नाही. एकाएकी वीज गेली, पट्टा फटफट करत थांबला. सकाळी धाडलेल्या निरोपाला दुपारी पाय फुटले, आणि दारात खाकी कपड्यातला, खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेला एक उंच पोरगा उभा राहिला. त्यानं आधी मीटरकडं पाहिलं, मग रतनकडं. तिच्या पापण्यांवरसुद्धा पीठ बसलं होतं. मग तो पुन्हा मीटर शोधायला लागला, जसं काही ते मघाशी तिथं नव्हतंच.

“एवढ्या वयात केस पिकले व्हय?” तो म्हणाला.

“तुमी येईस्तोवर पिकले,” रतन म्हणाली.

गोजरबाईंना उत्तर फार आवडलं. पोरगी कुणाची, म्हणून त्या मनातल्या मनात फुगल्या. त्या नादात एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. त्याची पाठ वळल्याबरोबर रतननं पदरानं तोंड पुसलं होतं. आजवर गिरणी बंद होईतो ती कधी तोंड पुसत नसे.

तासाभरानं तो फ्यूज घेऊन परत आला, देवळातला अंगारा आणावा तसा तळहातावर ठेवून. मग हे भांडण रोजचंच झालं. त्याची सायकल काही ना काही निमित्तानं गिरणीवरून जायची, आणि रतन त्याला दारातच गाठायची. तुम्हाला काय, झोपलात तरी महिन्याला पगार, असं ती म्हणायची. तो बोटं मोजून दाखवायचा... सहा गावं, तीनशे खांब, दोन माणसांच्या जागा रिकाम्या, त्यांचंही काम ह्याच्याच डोक्यावर, वादळ सुटलं की सगळं जग घरात आणि हा खांबावर. आणि नगरच्या नव्या कारखान्यातला फिटर ह्याच्या दीडपट घरी नेतो, वर बोनस. ती म्हणायची, तो चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याला गेट बंद, तुम्हाला कोण काढतंय?

“मग जा की नगरला,” ती एकदा म्हणाली. “फिटर व्हा.”

“तिकडं बिघडायला गिरणी न्हाई...” तो म्हणाला, आणि पुढचं बोलायचं सोडून सायकलची घंटी पुसत बसला.

तिसऱ्या फ्यूजला गोजरबाईंच्या डोक्यात उजेड पडला, की हा फ्यूज विसरत नाही, परत यायला निमित्त ठेवतो. नवरा गेला तेव्हा रतन चार वर्षांची होती. तेव्हापासून गिरणीचा दगड झिजला की त्याला छिन्नीची टाकी त्यांनी स्वतःच्या हातानं लावली. पहाटे पाचला उठायचं, आजारपण नाही, रविवार नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. त्यांच्या लेखी माणसं दोनच जातीची, कामावर खाणारी आणि तारखेवर खाणारी, म्हणजे काम होवो न होवो पहिल्या तारखेला पगार घेणारी. तारखेवर खाणाऱ्याच्या घरात पोरगी द्यायची नाही, हे त्यांचं ठरलेलं. त्यांनी नगरच्या कारखान्यातला छगन फिटर हेरून ठेवला होता. येत्या रविवारी त्याच्या घरची माणसं रतनला बघायला येणार होती.

रतन रडली नाही, रुसली नाही. कणीक मळता मळता म्हणाली, “येऊ दे त्यांना. मी न्हाई म्हनंन. वायरमनला व्हय म्हनून बसलेय.”

“कवा?” गोजरबाईंचा आवाज चिरकला.

“दुसऱ्या फ्यूजला.”

त्या दिवसापासून वायरमनला गिरणीची पायरी बंद झाली. आणि गुरुवारी लाइटीच्या हापिसातल्या लोकांनी महागाई भत्त्यासाठी संप पुकारला. शुक्रवारी वारा असा सुटला, की खांबावरून गिरणीकडं आलेली तार ठिणग्या उडवत तुटली. वीसेक बायका पाट्या घेऊन ओट्यावर खोळंबल्या. घरी पोरं उपाशी, आणि मिलो काही अख्खा खाता येत नाही.

गोजरबाईंनी पदर खोचला आणि तरातरा हापिसासमोरच्या मांडवात जाऊन उभ्या राहिल्या. वीस माणसं सतरंजीवर बसली होती, त्यांत रंगनाथ. त्यांनी त्याला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांच्या देखत सांगितलं, की आत्ता खांबावर चढलास तर छगनच्या घरच्यांना मी आजच नको म्हणून कळवते.

रंगनाथचा चेहरा उजळला, आणि तसाच विझला. तो उठून उभा राहिला. 

“मावशी... ह्या सगळ्यांच्या घरी पोरंबाळं हायेत. मी एकटा वर चढलो, तर उद्या ह्यांच्या तोंडाकडं कसं बघू? आन् मग रतनच्या तरी?”

गोजरबाई परत फिरल्या त्या फणकाऱ्यातच. त्यांचंच खरं झालं होतं. घरी येऊन त्यांनी ते रतनला दोनदा ऐकवलं, अगदी चवीनं.  रतननं कोपऱ्यातलं जातं ओढून काढलं. शेजारणींनी आपापल्या घरची आणली. ओट्यावर चार जाती मांडली, बायका समोरासमोर बसल्या, घरघर सुरू झाली.

तेवढ्यात ओट्याखाली सायकल थांबली. आज अंगावर खाकी नव्हती, साधा पांढरा सदरा होता.

“संप खांबावरचा हाय, मावशी,” तो म्हणाला. “जात्याचा मला कोन पगार देत न्हाई. बसू का?”

बायकांनी तोंडाला पदर लावले. बाप्या माणूस आणि दळायला? गोजरबाईंनी मात्र त्याला हातानं समोरची जागा दाखवली, आणि आपण खुंट्याला हात घातला. आता याची रग जिरवते, हे त्यांच्या भुवईवर लिहिलेलं होतं.

जात्यावर समोरासमोर बसलं की लपवाछपवी राहत नाही. समोरचा खरंच ओढतोय की नुसता हात ठेवून मिरवतोय, ते खुंट्यातून थेट मनगटाला कळतं. गोजरबाई मुद्दाम जोर कमी करून बघत होत्या. जातं मंदावत नव्हतं. त्याच्या तळहाताला फोड आले, त्यानं दुसरा हात लावला. बायकांनी ओवी म्हणायला लावली. ओवी त्याला येत नव्हती, म्हणून तो खांबांचे नंबर सुरात म्हणायला लागला... एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा वाकला गं बाई... आणि हसून हसून बायकांच्या पाट्या कलंडल्या.

पहिली पायली संपली तशी पाठ धरल्याचं सांगून गोजरबाई उठल्या. त्यांची पाठ इतक्या वर्षांत कधी धरली नव्हती. रिकाम्या जागी रतन बसली. एका खुंट्यावर दोन हात, एकाखाली एक. ती म्हणाली, हळू ओढा, पीठ जाडं पडतंय. तो म्हणाला, तुझ्याकडं बघत वढल्यावर जाडं पडनारच. दोघांच्याही पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तोंड पुसायची कुणालाच घाई नव्हती.

दिवेलागणीला शेवटची पाटी उचलली गेली. रंगनाथ सदरा झटकत उभा राहिला, फोडांचे हात पाठीमागं लपवून. गोजरबाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर आल्या.  जाणाऱ्या बायका पायरीवरच थांबल्या.

“सरकारी बरं का खाजगी बरं, ते तुमी दोघं जलमभर भांडत बसा,” गोजरबाई म्हणाल्या. “तू माजोरी हायेस, रंगनाथ. चार मानसांत माझ्या तोंडावर न्हाई म्हनलास, अजून कुनाची छाती झाली न्हाई. पर तीन पायली दळलंस, आन् एकदाबी नुस्ता हात ठिवून बसला न्हाईस. कामावर खानारा हायेस तू. छगनच्या घरी मी उद्या निरोप धाडते. रविवारी तुझ्या आईला घिऊन ये. पोरगी दिली तुला.”