बिनफोडणीचं पिठलं

“फोडणीच नको? मग ते पिठलं घशाखाली उतरायचं तरी कसं गो?” मोबाइलवरची ऑर्डर वाचून जना हसली. पण काशीमावशी काही हसली नाही. खानावळीच्या मोठ्या शेगडीसमोर ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

“येडी की काय तू, बाय? बारा माणसांचं पिठलं-भात, नि फोडणी नाय... कोणाच्या तरी घरचं माणूस गेलंय! कडू घास हाय तो.”

जनानं जीभ चावली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, स्मशानातून परतलेल्यांपुढे भावकीतलं, सोयऱ्यातलं कोणीतरी पिठलं-भात आणून ठेवतं आणि बळेबळे दोन घास खायला लावतं, हे तिच्या किन्हवलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण तो कडू घास असा मोबाइलवरून, पैसे मोजून मागवायचा? काय म्हणावं या माणसांना!

“कोणीतरी शहरातली पोर असंल,” मावशी म्हणाली. “तिला सांगणारी बाईच उरली नसंल घरात.”

ऑर्डर वैष्णवी नावाच्या बाईची होती, आसनगावच्या एका नव्या बिल्डिंगमधली. जनाच्या कधी न पाहिलेल्या भावजयीचं नावही वैष्णवीच. पण भाऊ संदेश आणि ती कल्याणला राहायची, आणि वैष्णवी नावाच्या बायका का थोड्या आहेत? जनानं डबे पाठीवरच्या बॅगेत भरले, तोंडाला ओढणी गुंडाळली, हेल्मेट चढवलं आणि स्कूटर काढली.

या पोरीचं नशीब तरी बघा! किन्हवलीच्या बारकूची ही थोरली लेक. सहा वर्षांपूर्वी हळद लागायच्या आदल्या दिवशी हिनं लग्न मोडलं. “मला मुलगा पसंत नाय,” एवढंच म्हणाली, आणि भर मांडवात बापाची मान खाली गेली. खरं काय ते फक्त तिच्या आईला माहीत होतं. नवऱ्या मुलाकडच्या मुरबाडच्या सोयऱ्यांनी तिला एकटीला गाठून बजावलं होतं, की बापाचं ओढ्याकाठचं शेत जावयाच्या नावावर झालं पाहिजे! बापाला नुसतं विचारलं असतं, तरी त्या भोळ्या माणसानं दिलेल्या शब्दापायी ते लिहून दिलं असतं... मग संदेशच्या वाट्याला काय आलं असतं? धोंडे! म्हणून तिनं सगळा काळिमा आपल्या तोंडाला फासून घेतला, आईला गळ्याची शपथ घालून गप्प बसवलं, आणि बापानं घराबाहेर काढलं तेव्हा एका शब्दानं उलट बोलली नाही. शहापुरात खोली घेतली, ऊन-पाऊस न बघता लोकांच्या दारात जेवणं पोचवत राहिली. आठवड्याच्या बाजाराला आई चोरून भेटायला यायची, तेवढाच काय तो आधार. गेले चार बाजार आई आली नव्हती. भातकापणीची घाई असेल, अशी जनानं मनाची समजूत घातली होती.

बिल्डिंगच्या दाराशी बांबूचे तुकडे आणि सुतळी पडली होती. जनानं नकळत हात जोडले आणि जिना चढली.

दार उघडंच होतं. एक तरणी बाई डोळे पुसत पुढे आली. “ताई, किती झाले? सुटे आहेत माझ्याकडे.” पण जनाची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली होती. कोपऱ्यात पिठावर दिवा तेवत होता. त्याच्याजवळ संदेश बसला होता, डोकं भादरलेला. भिंतीला टेकून ओल्या पंचातला बारकू... तिचा बाप! घरातलं सगळं माणूस तिथं होतं. फक्त एक नव्हतं.

जनाला ओरडावंसं वाटलं, दिव्याकडे धाव घ्यावीशी वाटली... पण धावायचं कोणत्या हक्कानं? रडायचं तरी कसं? या घरानं तिला अजून सांगितलंच नव्हतं!

“कडू घासाचे पैसे घेत नाय कोणी,” ती कशीबशी म्हणाली आणि डबे उंबऱ्यावर ठेवून वळली.

तो आवाज ऐकताच बारकूनं मान वर केली.

“ताई!” संदेश धडपडत उठला. “ताई, जाऊ नको! आईच्या दवाखान्यासाठी महिनाभर हितं राहतोय आमी... मी तुला फोन लावत होतो गो, पण बाबांनी हात धरला माझा.”

“बरोबर केलं त्यांनी,” जना म्हणाली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. “मी जेवण पोचवायला आलेय. जाते.”

“जना!”

सहा वर्षांनी बापाच्या तोंडून आपलं नाव ऐकून ती जागीच थिजली. बारकू भिंतीचा आधार घेत उठू लागला, पण त्याला उठवेना.

“तुज्या आयनं काल समदं सांगितलं मला... शेताचं, त्या मुरबाडवाल्यांचं. तुजी शपथ मोडली तिनं, मरताना मोडली. रातभर इचार केला, पोरीला कुठल्या तोंडानं बोलवू? नि माज्या लाजेपायी मी तुला तिचं तोंड पण बघू दिलं नाय! सकाळीच अग्नी दिला... आता काय करू मी, सांग ना गो!”

जनानं हेल्मेट काढलं. डबे उचलले, उंबरा ओलांडला आणि बापापुढे गुडघे टेकून बसली. भातावर पिठलं घातलं, कालवलं. पहिला घास त्याच्या ओठांशी नेला.

“खा, बाबा. खायला लागतो हा.”

बारकूनं तोंड उघडलं. तो बेचव, फिका घास त्यानं कितीतरी वेळ चावला आणि मोठ्या कष्टानं गिळला. मग लेकीचा खरकटा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत धरला.

“जना... आय गेली गो तुजी.”

आणि तेव्हा कुठं जनानं हंबरडा फोडला.