ग्रहणाच्या दिवशी तोडलेली फुलं

सुवर्णा गेली, हे कळलं तेव्हा कुंदन अंबडच्या कंपनीत मशीनवर उभा होता. डेंग्यूच्या तापाने ती दवाखान्यात होती. सकाळीच म्हणाली होती, "अहो, तुम्ही कामावर जा, मी बरी आहे..." दुपारी मेहुण्याचा, चंदरचा फोन आला. चंदर नुसता रडत होता. कुंदनला रडू आलं नाही. त्याला राग आला... डासावर नाही, देवावर नाही, स्वतःच्या घरावर!

कारण तीन वर्षं ती एकच गोष्ट मागत होती. त्यांच्या मुलाची, स्वराजची लघवीची वाट जन्मापासून टोकाला नव्हती, खालच्या बाजूला उघडत होती. धार पुढे न जाता पायांवर यायची. लहान मुलांच्या सर्जनने तेव्हाच सांगितलं होतं, "पुष्कळ मुलांना असतं हे. तिथलीच कातडी घेऊन वाट पुढे नेता येते. वर्षाच्या आसपास ऑपरेशन करून घ्या." पण कुंदनची आई गोजराबाई आडवी आली. "गावात कळलं तर पोराला पोरगी कोण देईल?" आणि मग दर वेळी तेच, "पोटुशी असताना हिने ग्रहणात झेंडू तोडला. तेच पोराला भोवलं!"

"डॉक्टर म्हणतात, ती वाट पोटात पहिल्या तीन-चार महिन्यांतच घडते. ग्रहण लागलं तेव्हा मला सातवा होता," एवढंच सुवर्णा एकदा बोलली. गोजराबाईने जेवणाचं ताट दूर सरकवलं. सुवर्णा पुन्हा बोलली नाही. स्वराजची ओली चड्डी पदराखाली लपवून न्यायची, वाळतही घरातच घालायची. आणि कुंदन 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहिला.

दहाव्याला सगळे रामकुंडावर आले. कावळे भिंतीवर बसून होते, पण पिंडाला शिवेनात.

"ताई, स्वराजला मी अंतर देणार नाही," चंदर हात जोडून म्हणाला. कावळा हलला नाही.

"तिने लावलेला झेंडू मोडणार नाही म्हणा," चुलती बायडाबाई म्हणाली. तरी नाही.

"सकाळपासून खाऊन पोटं भरली असतील मेल्यांची," मागून कोणी पुटपुटलं.

"कुंदन, तू बोल," गोजराबाई म्हणाली. "दुसरं लग्न करणार नाही म्हण."

कुंदन उसळला. "लग्न? तिला काय पाहिजे होतं, ते तुला माहीत नाही, आई?"

"गप! चारचौघांत..."

"चारचौघांतच सांगतो! माझ्या पोराची लघवीची वाट खाली आहे. जन्मापासून आहे. त्यात लाज कसली? सुवर्णा, त्याचं ऑपरेशन मी करून घेणार! ग्रहणात फुलं तोडली म्हणून तुला जन्मभर..."

"मीच पाठवलं होतं तिला!"

गोजराबाई पायरीवर बसली. "दुसऱ्या दिवशी पाडवा... झेंडूला भाव, अन् ग्रहणामुळं मजूर बाया येईनात. ती म्हणाली, आत्याबाई, मला भीती वाटते. मी म्हटलं, काही होत नाही, जा. पोर असं झालं अन् मी भिले रे! म्हणून तिच्यावर ढकललं... ती तुला कधी बोलली नाही?"

"नाही."

नवऱ्यालासुद्धा नाही! आई-मुलात वितुष्ट नको म्हणून तिने तो डाग अंगावर घेतला, आणि तो घेऊनच गेली...

"शिवला, शिवला!" मागे ओरडा झाला. कुंदनने वळून पाहिलं नाही. तो आईवर ओरडणार होता. पण स्वराज रडू लागला, चड्डी भिजली होती. गोजराबाईने त्याला जवळ घेतलं, कोरडी चड्डी घातली आणि ओली चड्डी धुऊन, पिळून सगळ्यांसमोर पायरीवर उन्हात वाळत घातली.

कुंदन बराच वेळ त्या चड्डीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माफ केलं असं मी म्हणणार नाही, आई. पण दवाखान्यात तू बरोबर यायचं. तो तुझ्याजवळ झोपतो."

"येते," ती म्हणाली.

डॉक्टरांना दाखवून झालं आहे. उशीर झाला, पण जमेल, कदाचित दोनदा करावं लागेल, असं ते म्हणाले. ऑपरेशन अजून व्हायचं आहे. सुवर्णाची माफी मागायची राहिली आहे.