आबासाहेबांचा हौद भरला

नळ उघडा ठेवून गावाला जाण्यात आबासाहेबांना फायदा एकच होता. पाण्याची एक पाळी वाया जाणार नव्हती.

गल्लीत नळाला पाणी पाच दिवसांआड यायचं, आणि नेमके पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी आबासाहेब आणि रंभाबाई भाच्याच्या लग्नाला अकलूजला निघाले होते. म्हणून आबासाहेबांनी अंगणातल्या हौदावरचा नळ उघडाच ठेवला. दाराला अलीगढी कुलूप घातलं, घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून बाहेरचा दिवा चालू ठेवला, आणि रिक्षात बसता बसता ही सगळी हुशारी अर्ध्या गल्लीला ऐकवली. हुशारी मनात ठेवली तर तिला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

शेजारच्या संघप्रियाला मात्र त्या घराची काळजी होती. यंदा ती आठवीत जाणार होती. तिच्या आईची, मीनाबाईंची, बोरमाळ आबासाहेबांच्या लोखंडी कपाटात ठेवलेली होती. आपल्या पत्र्याच्या ट्रंकेपेक्षा ते कपाट बरं, असा मीनाबाईंचा हिशेब. सुट्टी संपली की ती माळ मोडून थोरल्या लेकीची, राजश्रीताईची, नर्सिंगची फी भरायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं. आबासाहेबांचा हौद भरला, भरून वाहायला लागला, आणि फाटकाखालून पाण्याचा ओहोळ रस्त्यावर आला. सोलापुरात, भर मे महिन्यात, रस्त्यावर वाहतं पाणी! बायका हळहळत घागरी लावायला धावल्या. तेवढ्यात कूलरचं गवत विकणारा एक माणूस सायकलवरून आला आणि थांबला. गल्लीतले सगळे खाली पाण्याकडे बघत होते. तो एकटा वर बघत होता. आधी कुलपाकडे, मग उन्हात जळणाऱ्या दिव्याकडे. मग तो स्वतःशीच हसला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. त्या वेळी सगळी गल्ली कूलर लावून झोपलेली असते. रस्त्यात बँड वाजला तरी कुणाला ऐकू जायचं नाही. संघप्रियाने त्याला गवताचा भाव विचारला आणि आईकडून शिकल्याप्रमाणे सरळ निम्म्यावर आणला. तो लगेच म्हणाला, "चालेल. उद्या येऊन बसवतो." आणि आबासाहेबांच्या घराकडे बघत निघाला.

"हा गवतवाला नाही," ती धाकट्या भावाला, रत्नदीपला म्हणाली. "घासाघीस न करणारा फेरीवाला पाहिलायस कधी?"

तिने आबासाहेबांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हौदाचा.

"भरून वाहिला, आजोबा. पण तो माणूस..."

"भरला न्हवं? मग झालं की. अलीगढी कुलूप हाय पोरी, चोराचा आजा आला तरी हात हलवत जाईल."

संध्याकाळी आई म्हणाली, मोठ्या माणसांना कळतं, तू कशाला जीव टांगणीला लावतेस. समोरच्या घरातल्या युवराजचा चन्नवीरमामा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा. तालमीत कमावलेला गडी. तो हसला, "चोर आला की उठवा मला," म्हणाला आणि कामावर गेला.

संघप्रिया मात्र त्या चोराचा विचार करत राहिली. आपण जन्मापासून राहतो ती गल्ली त्याने एका नजरेत वाचली होती. वाहणारं पाणी म्हणजे नळ बंद करायला घरात कुणी नाही. दुपारी जळणारा दिवा म्हणजे तो मालवायला कुणी नाही. आबासाहेबांनी आपल्या हाताने दारावर पाटीच लावली होती! चोराच्या त्या नजरेचं तिला भय वाटलं, आणि खरं सांगायचं तर अचंबाही. मग तिच्या मनात आलं, ज्याला वाचता येतं, त्याच्यासाठी लिहिताही येईल की.

"युवराज," ती सकाळी म्हणाली, "तुमच्याकडे अलीगढी कुलूप आहे?"

"आहे. का?"

"मामा झोपला की बाहेरून घाल."

दुपारी रत्नदीप आबासाहेबांच्या भिंतीवरून आत उतरला. त्याने दिव्याचा बल्ब काढला, पायरीवर चपला मांडल्या, कूलरवर तो ठिबकेपर्यंत पाणी ओतलं. फाटकावर ओली सोलापुरी चादर वाळत घातली, तिच्याआड दाराचं कुलूप दिसेना. समोर युवराजच्या दाराला कुलूप लागलं, दिवा लागला. आणि संघप्रिया आपल्या हौदातून बादलीमागून बादली उपसून युवराजच्या फाटकाआड ओतत राहिली. ओहोळ रस्त्याच्या मध्यापर्यंत आला, तेव्हा तिघं गच्चीवर जाऊन बसली.

गवतवाला आला. त्याने चादर पाहिली, चपला पाहिल्या, ठिबकणारा कूलर पाहिला. थबकला. मग त्याची नजर ओहोळावर पडली आणि ओहोळाच्या मागे मागे समोरच्या फाटकापर्यंत गेली. नजरेमागून पाय निघाले.

संघप्रियाच्या अंगावर काटा आला. ना हाक, ना खूण. नुसतं पाणी एका धडधाकट माणसाला चालवत नेत होतं.

त्याने गवताच्या भाऱ्यातून पहार काढली. शेंग फोडावी तसं कुलूप फुटलं. अलीगढीच होतं तेही. तो आत शिरताच युवराजने धावत जाऊन बाहेरून कडी घातली, रत्नदीप दारोदार परात बडवत धावला आणि संघप्रियाने पोलिसांना फोन केला.

"यारलेऽ!" आतून डरकाळी आली. चन्नवीरमामा झोपेतून उठला की 'कोण रे' हेही आधी कानडीतच विचारायचा.

लोक जमले तेव्हा चोरच आतून कडी काढा म्हणून विनवत होता.

संध्याकाळपर्यंत आबासाहेब अकलूजहून धापा टाकत आले. युवराजच्या दारातलं फुटकं कुलूप त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग कपाट उघडून बोरमाळ मीनाबाईंच्या ओंजळीत ठेवली. संघप्रियाला म्हणाले, "तू फोन केलास तवाच ऐकायला पायजे होतं." फौजदारांनी तिघांची पाठ थोपटली. मीनाबाई लेकीला जवळ ओढून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात रंभाबाईंनी विचारलं, "पण रस्त्यावर पाणी ओतलं ते कुणाचं गं?"

"आमचं," रत्नदीप म्हणाला. "हौद तळाला गेला. पुढची पाळी लांब आहे."

रंभाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि दोन बादल्या त्यांच्या हातात दिल्या.

तर हिशेब असा झाला. चोराला कोठडी झाली, मामाची झोप गेली, युवराजच्या घरचं कुलूप गेलं. आणि पाणी भरलं आबासाहेबांनी. आपल्या हौदातून मीनाबाईंच्या हौदात, दोन्ही हातांत बादल्या घेऊन, रोज, पाळी येईपर्यंत.