पहिला सूर रूझेनाचा

ओताकार शिमेक आमच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा त्याच्या टोपीवर बर्फ होतं आणि कोटाच्या आत जपून आणलेलं, चार तंतुवाद्यांसाठी स्वतः रचलेलं नवं कोरं क्वार्टेट. प्रागमध्ये दर बुधवारी बाबा, काका आणि शेजारचे नोवोत्नी आमच्याकडे वाजवायला जमत; शिमेक चौथा वादक म्हणून आला होता. त्या दिवशी काका तापाने पडले होते, म्हणून त्यांचा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला, खालच्या सुराचा भाऊ, मी हातात घेतला.

“घाबरू नका,” शिमेक म्हणाला, “व्हायोलाचं काम सोपं आहे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटचा सूर विरल्यावर मी म्हटलं, “खरंच सोपं हो. वाजवता वाजवता उद्याच्या रश्श्याला कांदे किती लागतील, तेही ठरवून झालं.”

बाबांना ठसका लागला. शिमेक कानापर्यंत लाल झाला... आणि पुढच्या बुधवारी पुन्हा आला. मग दर बुधवारी. काका बरे झाले, पण माझी खुर्ची कुणी परत मागितली नाही.

वसंतात त्याने नवी रचना आणली. पहिलं पान बघून माझा हात थबकला. सुरुवात व्हायोलाची होती! मी श्वास घेऊन गज उचलल्याशिवाय बाकी तिघांना हलता येणार नव्हतं, खुद्द शिमेकलाही.

“आता मोजा कांदे,” तो हळूच म्हणाला.

आज त्याचं नाव झालंय, आणि जाणती मंडळी त्या सुरुवातीत त्याचं आईबापाविना गेलेलं बालपण शोधतात. शोधोत बापडी.

ती रचना सभागृहात वाजणार असं ठरलं. शिमेकची ती पहिलीच संधी होती. पण मंचावर मुलगी शोभत नाही, माझ्या जागी नाटकगृहातला वादक बसेल, असा तिथल्या मंडळींचा निरोप आला. माझा सूर दुसऱ्याच्या हाती जाणार, हे मला सोसवेना. शिमेकने त्यांना उलट कळवलं, की रूझेना नसेल तर रचनाही नाही. मंडळी चरफडली, पण नमली.

सभागृह गच्च भरलं होतं. तिघं माझ्याकडे बघत होते. मी गज तारेजवळ नेला... आणि तिथेच थांबवला.

“सुरू करा ना,” शिमेक कुजबुजला.

“आधी सांगा, हे कुणासाठी लिहिलंत?”

“इथे? आत्ता?”

“मला घाई नाही.”

त्याने एकदा लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमच्यासाठी. पुढची सगळीसुद्धा... चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं. मान ताठ केली, श्वास घेतला — आणि माझ्याबरोबर त्यानेही घेतला.