खिळा न ठोकता

ठाक्! ठाक्! ठाक्!

सिंगापूरमधल्या तांजोंग पगारच्या त्या गल्लीत संजीवनी वळली आणि तिने कान टवकारले. जुन्या लाकडात खिळा शिरतानाचा आवाज ती झोपेतही ओळखायची. आणि हा आवाज तिच्या दुकानातून येत होता! म्हणजे दुकान तिचं नव्हतं हो... फाईल तिची होती.

ती धावत सुटली.

फिकट पिस्ता रंगाचं ते शॉपहाउस. खाली दुकान, वर घर, पुढे पाच फुटांची झाकलेली ओसरी. शंभर वर्षं जुनं आणि सरकारी यादीत संरक्षित. त्याच्या कोरीव दारापुढे स्टूल, स्टुलावर काठापदराची साडी नि स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक काकू, आणि काकूंच्या हातात... खलबत्त्यातला बत्ता! खाली स्टूल धरून एक उंच मुलगा उभा होता. हात मोकळे नव्हते म्हणून त्याने आंब्याच्या पानांचं तोरण गळ्यात घातलं होतं. नवरदेव घोड्यावरून पडून चुकून इथे आल्यासारखा दिसत होता.

"स्टॉप! प्लीज स्टॉप! अहो काकू, आधी खाली उतरा!"

काकूंचा चेहरा उजळला. "अगं बाई, मराठी का तू? देवासारखी आलीस! जरा लांबून बघ गं, तोरण मधोमध येईल ना?"

"काकू, हे दार शंभर वर्षांचं आहे!"

"तेच म्हणते मी," काकू कळवळून म्हणाल्या, "शंभर वर्षांत कुणी साधं तोरण नाही गं बांधलं त्याला!"

मुलगा खोकला. हसू दाबायला खोकला, हे संजीवनीला लगेच कळलं.

"मी क्षितिज. दुकान माझं. मिसळीचं. ही माझी आई, ललिता. आणि ते हत्यार पुण्याहून चेक-इन बॅगेतून आलंय."

"मी संजीवनी. या इमारतीची तपासणी माझ्याकडे आहे." तिने केसात खोचलेली पेन्सिल काढली आणि चाकू उपसावा तशी धरली. "खिळा किती आत गेलाय?"

"अर्धा."

"हं."

"अर्धा गुन्हा असतो का?"

"नसतो."

"मग पूर्ण ठोकूनच टाकायला हवा होता," तो म्हणाला. त्याचे डोळे हसत होते, ओठ मात्र शिस्तीत होते. संजीवनीने पटकन फोटो काढला. खिळ्याचा! (एका कोपऱ्यात तो आला, त्याला ती काय करणार?)

"रिपोर्टमध्ये लिहाल?" त्याने हळूच विचारलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. चोवीस वर्षांच्या संजीवनीची ही पहिली एकटीची फाईल होती. तिच्या बॉस मिसेस टॅन यांनी बजावलं होतं: शेवटची तपासणी स्वच्छ झाली तर नोकरी पक्की. आणि काही लपवलेलं सापडलं, तर टेबल रिकामं करायचं. तोंडभर हसून बजावलं होतं, म्हणून जास्त भीती वाटली होती.

"लिहावंच लागेल," ती म्हणाली.

आणि तिने लिहिलं. सुतार आला, खिळा निघाला, भोक बुजलं. पण त्यात तीन आठवडे गेले आणि दुकानाचं उद्घाटन पुढे ढकललं गेलं. आंग मो किओपासून मरीन परेडपर्यंत, शहरभरच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलेली आमंत्रणं काकूंना एकेक करून फिरवावी लागली. "एका खिळ्यासाठी गं!" त्या प्रत्येक फोनवर म्हणत. "मुलगी दिसायला गोड आहे हो, पण आतून पोलीस!"

क्षितिज मात्र चिडला नाही. उलट त्याला भलतेच प्रश्न पडू लागले.

"मॅडम, बोर्ड कुठे लावू?"

"नियमावली मेलवर पाठवलीय मी. पान बारा."

"वाचलं. पण प्रत्यक्ष दाखवलंत तर बरं."

दोन दिवसांनी: "मॅडम, खिडकीची झडप थोडी रुसल्यासारखी वाटतेय."

"झडप रुसत नाही."

"तुम्ही बघा तरी येऊन... आज कट पण चांगला झालाय."

मिसळीचा कट बघायला तपासणी अधिकारी जातात का? नाही. संजीवनी गेली का? हो!

त्या दुपारी सिंगापूरचा तो नेहमीचा पाऊस आला. आधी काही सांगत नाही, मग एकदम बादली उलटी करतो. संजीवनी निघाली होती, ती ओसरीतच अडकली. बाजूला क्षितिज. दोघांच्या मध्ये वाफाळती मिसळ आणि बरोब्बर एक हात अंतर.

"तुम्हाला दारांचं एवढं वेड कुठून लागलं?"

"जर्मनीत. लिंडनबाख नावाचं गाव आहे, तिथे एक सेमिस्टर शिकले. आख्खं गावच जुनं... लाकडी तुळयांची वाकडीतिकडी घरं, एकमेकांवर रेललेली. एकशे बारा घरं संरक्षित. माझं काम काय, तर रोज मोजायची."

"रोज? पळून जात होती का?"

"गप रे!" ती बोलून गेली, आणि थबकली. तुम्हीवरून थेट रे! क्षितिजने चमचा शांतपणे खाली ठेवला. कान मात्र लाल झाले. मिसळीमुळेही असतील म्हणा.

"माझी घरमालकीण भिंतीवर कॅलेंडरसुद्धा लावू द्यायची नाही," ती घाईघाईने पुढे म्हणाली. "पण त्या घरांच्या दारावरच्या तुळईवर ना... ज्यांनी घर बांधलं त्या नवराबायकोची नावं कोरलेली असतात. आणि साल. तीनशे-साडेतीनशे वर्षं झाली, माणसं गेली, पण नावं आहेत शेजारी शेजारी. मी तिथून जाताना रोज वाचायची."

"मोठ्याने?"

"...हो."

"मग इथे कोरली तर?"

"तर मी स्वतः तुला पोलिसात देईन. जे पुसता येत नाही ते चालत नाही. लाकडाला इजा करेल ते चालत नाही. पान सात."

"पान सात," तो म्हणाला. पाठ करत असल्यासारखा.

पाऊस थांबला. दोघंही आणखी दहा मिनिटं पाऊस असल्यासारखेच उभे होते.

शेवटच्या तपासणीचा दिवस उजाडला. संजीवनी मिसेस टॅनना घेऊन निघाली तेव्हा तिच्या काखेत एक लांबलचक पुडकं होतं. आत होती बाथरूमच्या पडद्याची स्प्रिंगवाली दांडी. चौकटीच्या दोन बाजूंमध्ये दाबून बसवायची. खिळा नाही, गोंद नाही, दोन टोकांना मऊ रबर. तीन आठवडे तिच्या डोक्यात काकूंचं ते वाक्य कुरतडत होतं. शंभर वर्षांत एक तोरण नाही...

ललिताकाकूंनी दांडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि त्यांचा राग तिथल्या तिथे विरघळला. "न ठोकता? अगं, एवढी हुशार आहेस तर त्याच दिवशी सांगायचं नाहीस का!"

मिसेस टॅननी फरशा पाहिल्या. झडपा पाहिल्या. बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवलं. "गुड, गुड." संजीवनीचा जीव भांड्यात पडतच होता, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"व्हॉट इज धिस?"

दारावरच्या आडव्या लाकडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं:

*हे दार उघडलं क्षितिज आणि ........ यांनी, सन २०२५.*

संजीवनीने क्षितिजकडे पाहिलं. क्षितिज अतिशय लक्षपूर्वक रस्त्यावरची बस बघत होता.

"काय लिहिलंय?" मिसेस टॅननी वही उघडली. "रेकॉर्डसाठी भाषांतर करून सांग."

"देवाचं आहे म्हण," काकू मराठीत कुजबुजल्या. "त्यांना काय कळतंय!"

बरोबरच होतं. गल्लीत या तिघांशिवाय ते कुणालाच वाचता येत नव्हतं. एक छोटंसं खोटं, आणि नोकरी पक्की. संजीवनीने ओठ दाबले. पण जिने अर्धा खिळासुद्धा लपवला नव्हता, ती एवढी मोठी ओळ कुठे लपवणार?

तिने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. गाल तापत तापत, आवाज बारीक होत होत.

"आणि ही टिंबं?"

"ती... रिकामी जागा आहे, मॅडम."

"का रिकामी?"

आता मात्र क्षितिजने बस सोडली. "कारण मी अजून विचारलेलं नाही," तो म्हणाला. मिसेस टॅनना नाही, संजीवनीला. "विचारणार होतो. रोज. पण तू आलीस की मला फक्त झडपाच आठवायच्या. झडप रुसलेली नव्हती गं. तू यावीस म्हणून मी तिला बदनाम केलं. आणि तुझी नोकरी अडणार असेल तर मी आत्ता पुसतो, या शर्टाने पुसतो, पण... आवडतेस तू मला. पेन्सिलीसकट."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

मिसेस टॅननी दारापाशी पडलेल्या स्टुलावर चढून एका अक्षराला बोट लावलं. बोट पांढरं झालं. "खडू. पुसता येतो?"

"येतो," संजीवनी म्हणाली.

"लाकडाला इजा?"

"नाही."

"देन ओके, लाह!" त्या खास सिंगापुरी सुरात म्हणाल्या. "इमारत पास, तू पण पास." त्यांनी वहीत टिचकन खूण केली. "पण माझ्या रेकॉर्डमध्ये रिकामी जागा चालत नाही हं. त्याचं काय ते बघून घे." आणि त्या मिसळीच्या वासामागे आत निघून गेल्या.

क्षितिजच्या हातात खडूचा तुकडा होता. घामाने भिजलेला.

संजीवनीने तो घेतला आणि स्टुलावर चढली. क्षितिजने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं, पहिल्या दिवसासारखंच. तिने पहिल्या टिंबाच्या जागी एक सुरेख, गोल अक्षर काढलं.

*सं*

आणि खाली उतरली.

"एवढंच?" तो कळवळला. "बाकीची तीन?"

"प्रत्येक तपासणीला एक," ती पेन्सिल केसात खोचत म्हणाली. "उद्या संध्याकाळी मी मोकळी आहे. पण झडपेचं नाव घ्यायचं नाही... सरळ बोलवायचं."

"उद्या संध्याकाळी येशील?"

"येईन."

तोवर काकू स्टुलावर चढून चौकटीत दाबून बसवलेल्या दांडीला तोरण बांधत होत्या. बरोबर मधोमध.