धाकटीच्या तळाशी

आमच्या गावाला दोन नद्या. थोरली रुंद, पण भरतीचं पाणी आत शिरतं, त्यामुळे खारट. धाकटी डोंगरातून उतरते, वाटेतले मळे भिजवते आणि आमच्या पंपघरामागे थोरलीला मिळते. सारं गाव पितं ते धाकटीचंच पाणी. मी तिथे पंप चालवायचो.

त्या सकाळी पाण्याचा दाब एकदम पडला. दवाखान्यातून फोनवर फोन. धाकटीच्या तळाशी आमच्या पाइपाच्या तोंडाला जाळी आहे, ती गाळानं तुंबली असणार. माझा मेहुणा पाणबुड्या, त्यालाच हाक मारली. निघताना बायको एवढंच म्हणाली, "पाठचा भाऊ आहे माझा. दोर सोडू नका."

धुकं असं की समोरचा काठ दिसेना. मी पंप बंद केला. मेहुण्यानं कमरेला दोर बांधला. "दोन हिसके दिले की ओढा, भाऊजी. आणि चहा जरा बरा करा आज," म्हणत तो पंपघरामागच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरला.

दोर हातातून सरकू लागला. जाळी पायऱ्यांखालीच होती, तरी तो सरकतच राहिला. मग लक्षात आलं, दोर प्रवाहाच्या उलट, डोंगराच्या दिशेनं चालला होता. पाण्याला कोंदट वास सुटला, वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीचा असतो तसा.

दोन हिसके बसले.

मी जीव खाऊन ओढलं. हातभर दोर यायचा, तेवढाच परत जायचा.

"भाऊजी..."

आवाज पाठीमागून आला. मेहुणा थोरलीकडच्या पायऱ्यांवर ओणवा पडला होता. ओठ निळे पडलेले, कमरेला दोर नाही.

"हळू बोला..." तो कुजबुजला. "खाली कुणीतरी माझा हात धरला. मग गाठ सोडली. मला वाटलं, तुम्हीच उतरलात. हात तुमचाच होता हो..."

माझ्या मुठीतल्या दोराला पुन्हा दोन हिसके बसले. या वेळी सावकाश, ओळखीच्या माणसानं बाही ओढावी तसे.

मेहुण्यानं सुरी पुढे केली. "त्याला वर आणू नका."

मी दोर कापला. टोक पाण्यावर पडलं, क्षणभर थोरलीकडे वाहिलं, मग वळलं आणि प्रवाह कापत धुक्यात निघून गेलं. घाई नव्हती त्याला.

आम्ही दोघं पंपघरात शिरलो आणि आतून कडी घातली. दवाखाना पाण्यावाचून खोळंबला होता. जाळी तुंबलेली असली तरी थोडं पाणी चढेल, म्हणून पंपाचा खटका दाबला. दाबाची सुई सरसर वर गेली, थेट पूर्ण दाबावर. गाळाचा अडथळा कुठेच नव्हता.

"साफ केलीस ना जाळी?" मी विचारलं.

मेहुण्यानं दाराची कडी पुन्हा चाचपली.

"मी तिथवर पोचलोच नव्हतो, भाऊजी..."